दुसरा डोळा

आमच्या शेजारचा फुलवाला हार ओवता ओवता एकच सीरियल बारा वर्षं पाहून राहिला. तिच्यातली सासू तीनदा मेली अन् तीनदा वापस आली. याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "सीरियल संपू दे, मंग ऑपरेशन," म्हणे. एक दिवस त्यानं नवरदेवाचा हार मयतीवाल्यांना दिला, तेव्हा मी खोटं बोललो.

"काल तुले डुलकी लागली, तेवढ्यात संपली."

"अन् सासू?"

"मेली. आता पक्की."

डोळे पुसत तो माझ्यासंगं अकोल्याला आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, तर वॉर्डातल्या टीव्हीवर सासू चहा पिऊन राहिली होती.

"काहून रे लबाडा? आता दुसरा डोळा सीरियल संपल्यावरच!"

तवापासून रोज त्याच्या बाजूला बसून मीच तिच्या मरणाची वाट पाहतो.