पाच लिटर सॉफ्टवेअर

महामार्गावर बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या क्रेनवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत पेट्रोल संपलेला माणूस त्याला एकदाही भेटला नव्हता. रिकाम्या टाक्या मात्र शेकड्यांनी भेटल्या होत्या.

त्या दुपारी एक नवीकोरी गाडी कडेला उभी होती. मालक बायकोला आणि सासऱ्यांना सॉफ्टवेअर कसं बिघडतं ते समजावून सांगत होता. डॉक्टरने आत डोकावून पाहिलं. पेट्रोलच्या काट्याने केव्हाच मान टाकली होती.

“सॉफ्टवेअरच आहे ना?” मालकाने विचारलं. आवाजात हुकूम कमी आणि विनवणी जास्त होती.

“हो साहेब. फार नाजूक असतं,” डॉक्टर म्हणाला. सुरक्षेचं कारण सांगून त्याने मंडळींना कठड्यापलीकडे पाठवलं आणि क्रेनमधला कॅन आणून पाच लिटर सॉफ्टवेअर टाकीत ओतलं. गाडी सुरू झाली. फॉर्मवर त्याने ‘इंधनपुरवठ्यात तात्पुरता अडथळा’ असं लिहिलं, कारण खोटं लिहिणं त्याच्या जिवावर येई.

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” मालक बायकोला म्हणाला.

सासरे मात्र मागे रेंगाळले. “सहा वर्षांपूर्वी माझी गाडी इथेच बंद पडली होती,” ते हळूच म्हणाले. “तेव्हा तुम्ही सेन्सर गेल्याचं सांगितलं होतंत.”

“तेव्हा सेन्सरची चलती होती, काका.”

सासऱ्यांनी गंभीरपणे मान हलवली. मग ते पुढे जाऊन जावयाशेजारी बसले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.