तिसरा रकाना

परतूरपासून तीन कोसांवरच्या एका गावात वामन मास्तरांची शाळा चावडीत भरायची. मास्तर मराठी शिकवायचे, हजेरी उर्दूत लिहायचे आणि भांडण कुणाशीच करायचे नाहीत.

फसली तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे सन एकोणीसशे छत्तीसच्या उन्हाळ्यात निजामाच्या तालीम खात्याकडून, म्हणजे शिक्षणखात्याकडून, भरून पाठवायचा तख्ता आला. पोरं जातवार मोजायची होती. पहिला रकाना मुसलमानांचा, दुसरा हिंदूंचा, तिसरा पस्तअक्वामांचा, म्हणजे महारवाडा-मांगवाड्यातल्या पोरांचा. मास्तरांनी नऊ, एकतीस आणि शून्य असं खरंखरं लिहून पाठवलं. उत्तर आलं, तिसरा रकाना भरला नाही तर शाळा शेजारच्या गावाला जाईल. खात्याचे साहेब पाहणीला येत आहेत.

शेजारचं गाव म्हटल्यावर पाटील काकासाहेबांना जेवण गोड लागेना. महारवाड्यातल्या झुंबरबाईच्या पोरींना त्यांनीच दोनदा चावडीच्या पायरीवरून हाकललं होतं. आता तेच मास्तरांना घेऊन तिच्या दारात गेले आणि एका दिवसापुरती पोरं मागू लागले.

झुंबरबाई भाकरी थापत होती. ती पाटलाकडं न बघता मास्तरांशी बोलली. "आधी नावं शाईनं लिवा. मंग येतील."

मास्तरांनी हजेरीत लिहिली, सात. साहेबांपुढं काकासाहेबांनी भाषण केलं, की या गावानं कधी भेदभाव पाहिलाच नाही. साहेबांनी बसकरपट्टीवरची डोकी मोजली, चहा घेतला, 'बराबर' म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सातही पोरं येऊन त्याच पट्टीवर बसली. यांना उठवा, असं काकासाहेबांनी दारातूनच फर्मावलं. छडी टेबलावर ठेवून मास्तर हळूच म्हणाले, "उठवतो. पण नाव कमी करायचं तर साहेबांना कारण कळवावं लागतं. कारणात तुमचं नाव येईल."

काकासाहेब वहाणा घालून निघून गेले. त्या दिवशी मास्तर साधा पाढा सांगताना तीनदा चुकले.

आठवडाभरात दुसऱ्या रकान्यातली एकोणीस पोरं घरी बसली. त्यांनी आयांना इतकं छळलं, की दसऱ्याआधी सगळी परत आली. फक्त मध्ये हातभर जागा सोडून बसू लागली. दिवाळीपर्यंत झुंबरबाईची धाकटी परतूरच्या मोटारीवरची पाटी मराठीतून वाचू लागली, आणि उर्दूतूनही.

वर्ष संपताच मास्तरांची बदली झाली. कारण कुणी कळवलं नाही.