कोंडाबाई जिवंत आहे

इरफानचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत बसले होते. फोनवर त्याच्या तोंडून आमच्या मैत्रिणीचं, मित्राचं, नाव काही निघेना. शेवटी म्हणाला, "विजू, अपनी कोंडाबाई गई." खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. वऱ्हांड्यात येऊन मी त्याच्यावर ओरडलेच. मित्रा गेली म्हण, कोंडाबाई कशाला गेली म्हणतोस? कोंडाबाईला किल्ल्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडताना आपण सगळ्यांनी बघितलंय, ती जिवंत आहे. पलीकडून तो "हौ, हौ, सही बोली तू" म्हणाला, आणि मग आम्ही दोघं फोन कानाला लावून रडलो. शिपाईमामा घंटा द्यायला आले होते, ते माझ्याकडं बघून घंटा न देताच परत गेले.

याला आता बरेच आठवडे झाले. तिच्यावर लिही म्हणून सगळे मागं लागलेत, पण गेलेल्या माणसाबद्दल 'हसतमुख, मनमिळाऊ' वगैरे लिहायचं असेल तर ते मला जमणार नाही. मित्रा मनमिळाऊ नव्हती. भांडकुदळ होती, हट्टी होती, आणि चहात साखर कमी पडली तर यजमानाला तोंडावर सांगायची. पूर्ण नाव संघमित्रा. कन्नड गावची, एसटीत कंडक्टर. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं घरात बाप आणि लेक, दोघंच. वडील साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. आम्ही सगळेच त्यांना नाना म्हणतो. रविवारची सुट्टी मिळवायला ती डेपोत दर आठवड्याला भांडण काढायची, आणि ती सुट्टी झोपण्यात न घालवता जीपनं शहरात यायची, आमच्यासोबत राक्षस मारायला.

राक्षस म्हणजे खेळातले. शहागंजात इरफानच्या अब्बांचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत कापड बेतायचं लांबलचक टेबल आहे. त्या टेबलाभोवती आम्ही दर रविवारी दुपारी बसतो. हा खेळ पत्त्यांसारखा किंवा कॅरमसारखा नाही. एकजण गोष्ट सांगतो, आमच्यात तो इरफान, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "समोर दार आहे, आतून गुरगुर ऐकू येतेय, काय करता?" असं तो विचारतो. काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. किल्ल्याचा नकाशा इरफान शिंप्याच्या खडूनं थेट टेबलावर काढतो. माणसं म्हणून आम्ही बटणं आणि रिळं वापरतो. आमच्या खोलीचे नियम मोजकेच, पण कडक. फासा स्टीलच्या ताटात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाकायचा. दार आलं की आधी रांग लावायची, म्हणजे आत शिरताना कोण पुढं आणि कोण मागं ते टेबलावर मांडून दाखवायचं. आणि गोष्टीत मेलेलं माणूस परत येत नाही. कितीही गयावया केली तरी नाही.

मित्रा पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही आपापली सोंगं आधीच निवडली होती. मी जादूगारीण, नाव अग्निशिखा. गणेश झाला होता वैद्य. गणेश सोयगावकडचा, मेंढपाळांच्या घरातला, आठवडाभर जनावरांच्या दवाखान्यात मेंढ्यांना सुया टोचतो आणि रविवारी आमच्या जखमा भरतो. उरला होता लढवय्या, जो कुणालाच नको असतो. जादूगाराला आग फेकता येते, वैद्याला मरणाऱ्याला उठवता येतं. लढवय्याला काय येतं? तलवार मारता येते आणि मार खाता येतो, बस. हा खेळ खेळणारी जाणती मंडळीसुद्धा लढवय्या म्हटलं की नाक मुरडतात, ज्याला नियम वाचायचा कंटाळा त्यानं लढवय्या घ्यावा म्हणतात. मीही तेच म्हणायचे. मित्रानं विचारलं, "ह्याचं काम काय?" इरफान म्हणाला, "आगे खड़े रहना. मार खाना." ती म्हणाली, "मंग रोजचंच की." आणि नाव ठेवलं कोंडाबाई. मी म्हटलं, अगं, काहीतरी शूर नाव ठेव. तर म्हणे, "तलवार हाय, ढाल हाय, डोकं हाय. नावाचं काय लोणचं घालायचंय?" तिच्यासाठी बटण शिल्लक नव्हतं, म्हणून अब्बांनी खालून एक अंगुस्तान पाठवलं, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती पोलादी टोपी. टेबलावर आमच्या रंगीबेरंगी बटणांत ते खरंच चिलखतातल्या बाईसारखं दिसायचं.

पहिल्याच लढाईत मी आणि गणेश कोंबड्या उधळाव्यात तसे गुहेभर पळालो. दहा दिशांनी भुतं, माझा मंत्र अर्धाच, गण्याच्या पिशवीतली औषधं सांडलेली. मित्रा काही बोलली नाही. पुढच्या रविवारी दार आलं तेव्हा तिनं इरफानला विचारलं, "हे दार किती रुंद हाय?" एक माणूस मावेल इतकं, तो म्हणाला. "मंग म्या दारात उभी. एका येळंला एकच भूत येऊ शकतंय. तुमी मागं सरका आन् काय जादू करायची ती निवांत करा." आठवडाभर 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून घसा बसलेली बाई रविवारी आम्हाला मागं सरकवायची, आणि आम्ही मुकाट सरकायचो. त्या दिवशी आमच्यातल्या कुणाला ओरखडा उठला नाही. सगळा मार कोंडाबाईनं खाल्ला, आणि जिना उतरताना शाबासकी मात्र माझ्या आगीला मिळाली. मला कळायला वेळ लागला, पण कळलं. आग फेकायला जी उसंत लागते ती मला कुणीतरी कमवून देत होतं. लढवय्या किती भुतं मारतो यावरून त्याची किंमत करायची नसते. त्याच्या मागं किती माणसं निवांत उभी आहेत ते बघायचं असतं. मित्राला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिला ते पहिल्याच रविवारी आमची पळापळ बघून समजलं होतं.

आजाराचं तिनं आम्हाला असंच एका रविवारी चहा पिताना सांगितलं. रक्ताचा आजार. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, तिनं आम्हाला त्याहून स्पष्ट सांगितलं. "म्या काय आता लई दिवस नाय. रडायचं आसंल तर जिन्यात जाऊन रडा. पर किल्ल्याची गोष्ट पुरी करायची. समद्यांला घेऊन कोंडाबाई जिती भाईर आली पायजे. बाकी माझं कायबी मागणं नाय." तो किल्ला आम्ही कित्येक महिने लढवत होतो आणि अजून निम्मासुद्धा झाला नव्हता. गणेश जिन्यात गेला. मी नाही गेले, मी तिथंच रडले.

आणि मग आम्ही एक मूर्खपणा केला, जो फक्त या खेळातलीच माणसं करू शकतात. आम्ही लढवय्याला जपायला लागलो. आता नाना तिला घेऊन यायचे, कोपऱ्यात कापडाच्या ठाणाला टेकून बसायचे. एकदा जिन्यात त्यांनी इरफानचा हात धरला आणि म्हणाले, "बाळा, खेळात तरी तिला मार बसू देऊ नको." नाही कसं म्हणणार? इरफानचे राक्षस एकाएकी पेंगुळले. रांग लावताना गणेश आपलं बटण आधी सरकवायचा, "आज म्या म्होरं." मी अंगुस्तान हळूच तिसऱ्या जागेवर ठेवायचे आणि माझी सगळी जादू तिच्याभोवती कवच बांधण्यात उधळायचे. ती बघत होती. ताकद कमी पडत होती म्हणून गप्प होती, असं आम्हाला वाटलं.

एका दारात हे सगळं आमच्या अंगाशी आलं. गणेशला पहिल्याच फटक्यात राक्षसानं आडवा केला, म्हणजे ज्यानं दुसऱ्याला उठवायचं तोच खाली. माझ्यापुढं कुणी उभं नाही, त्यामुळं मला मंत्र म्हणता येईना. सगळा खेळ संपायच्या बेताला आला, तेव्हा इरफान घसा खाकरून म्हणाला, "अब क्या हुआ, के राक्षस थक गया, वापस जा रहा..." मित्रानं ताटावर हात ठेवला. "काऊन जातोय वापस? कुणाच्या बापाच्या सांगण्यावरनं?" कोपऱ्यात नानांनी मान खाली घातली. तिला सगळं माहीत होतं. "दवाखान्यात मला झोपवतेत, टोचतेत, कूस बदलायला बी नर्स येती. तितं इलाज नाय म्हणून म्या पडून राहते. ह्या खोलीत मला उभं राहता येतंय. हितंबी झोपवता का मला?" मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आन् मला जपून तुमचं काय भलं झालं? गण्याकडं बगा. लढवय्या मागं ठिवला की मागचे मरतेत." नाना उठले, टेबलाजवळ आले, आणि इरफानला म्हणाले, "बोलाव बाबा तुझा राक्षस परत." मित्रा हसली. त्या हसण्यानं मला जे बळ आलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. राक्षस परत आला, कोंडाबाईनं गणेशला एका हातानं मागं ओढला, आणि आम्ही ते दार जिंकलो.

किल्ल्याचा शेवट आला तेव्हा तिला जिना चढवेना. इरफाननं आणि गणेशनं तिला खुर्चीत बसवून वर आणलं, आणि ती वाटेत "डाव्या अंगानं घ्या, गाडी घासती" अशा सूचना देत होती. गोष्टीतला किल्ला ढासळत होता. खजिन्याच्या दालनातून बाहेर पडायला एक झुलता पूल, आणि मागून हाडांची फौज. मी आणि गणेश पूल ओलांडेपर्यंत कुणीतरी दारात थांबायला हवं होतं. रांग लावायला कुणी सांगितलं नाही. अंगुस्तान तिनं स्वतःच्या हातानं दारात ठेवलं. कोंडाबाईवर घाव पडत गेले. इरफान प्रत्येक फासा ताटात टाकत होता, उघड, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. एकदाही त्यानं आकडा लपवला नाही, याबद्दल मी त्याला जन्मभर मानीन. शेवटी तो पुटपुटला, "मित्रा, कोंडाबाई गिर गई." मी डोळे मिटले.

"कशी पडंल?" मित्रा म्हणाली. "दम बाकी हाय."

लढवय्याला अख्ख्या दिवसात एकदाच दम घेता येतो. दम घेतला की पडलेला लढवय्या उठून पुन्हा लढतो. बाकीचे पहिल्या मोठ्या जखमेलाच तो खर्चून मोकळे होतात. मीच तीनदा म्हटलं होतं तिला, आता घे, आता तरी घे. तिनं तो दिवसभर राखून ठेवला होता, आम्ही पुलापलीकडं जाईपर्यंत. कोंडाबाई उठली. आता दार सोडून पळत पूल गाठायचा, त्यासाठी एकच फासा. मित्रानं तो ताटात टाकला आणि जेवढा हवा होता बरोबर तेवढाच आकडा पडला, एकानंही जास्त नाही. आम्ही एवढे ओरडलो की खालून अब्बा कापड मोजायची गजाची पट्टी घेऊन वर पळत आले, कुणी मारामारी करतंय समजून. गणेश टेबलावर चढला होता. नाना हसत होते आणि उपरण्यानं डोळे पुसत होते. मित्रा खुर्चीत मान मागं टाकून म्हणाली, "मोजा रे. समदे हायेत ना?" सगळे होते. असा विजय मी आयुष्यात दुसरा बघितलेला नाही, आणि तो खोटा होता असं मला कुणी सांगू नये.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. कन्नडला तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, डेपोतले लोक बोलले, आणि ज्यांच्याशी ती सुट्टीसाठी भांडायची तेच सर्वात जास्त रडले. आम्ही तिघं मागच्या ओळीत बसलो होतो. बोलायला उठलो नाही, कारण कोंडाबाईबद्दल तिथं कसं सांगणार?

मागच्या रविवारी आम्ही शहागंजात जमलो, जमायचं म्हणून. टेबलावरचा खडू इरफाननं पुसलेला नव्हता. कुणाला गोष्ट सुरू करवेना... तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि नाना वर आले. एकटेच. एरवी ते कोपऱ्यात बसतात, पण त्या दिवशी सरळ टेबलाशी आले आणि म्हणाले, "नवी गोष्ट मांडा. मला बी घ्या." मग मी त्यांना एकेक सोंग समजावून सांगितलं. जादूगार आग फेकतो, वैद्य जखमा भरतो, चोर कुलपं उघडतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कारखान्यात नवं यंत्र आल्यावर ऐकत असतील तसं, आणि विचारलं, "ह्यात समद्यांच्या म्होरं कोण उभं राहतंय?"

"लढवय्या," गणेश म्हणाला.

"मंग त्येच द्या मला."

इरफान म्हणाला, "नाना, उसमें मार बहुत पड़ता."

नानांनी खुर्ची पुढं ओढली आणि बसले. "म्हायती हाय," ते म्हणाले. "मार खाऊन उभं कसं राहायचं, ते पोरीनं दाखवलंय मला."