घंटी वाजली म्हंजे वाजली

“आधी हवा खा, मंग बोलू,” असं म्हणत आमचे ड्रायव्हरभाऊ गाडीचं मागचं दार सताड उघडायचे आणि आम्ही सगळे खाली उतरेपर्यंत दाराला खांदा लावून उभे राहायचे. उतरलेल्यांची डोकी मोजायचे. मग स्वतः जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली शिरायचे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तुमच्यापैकी कुणी तेव्हा परतवाड्याच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याला राहत असेल, तर आमची निळी गाडी पाहिली असेल. सरकारी फिरता दवाखाना. पुढे ड्रायव्हर आणि डॉक्टर, मागे बंद खोलीसारख्या भागात औषधांचं कपाट, एक बाक, माझा स्टोव्ह आणि मी, नर्स. अमरावतीहून निघालो की चार-चार दिवस परतायचो नाही. डॉक्टर डाकबंगल्यात झोपत, मी त्या बाकावर. ती गाडी म्हणजे माझं घरच होतं.

ड्रायव्हरभाऊ पन्नाशीला टेकलेले, काटक, मिशा कापसासारख्या पांढऱ्या. बोलणं कमी, पण जे बोलत ते ठणठणीत. आमच्या गाडीवर रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी मागच्या भागातून पुढे एक दोरी ओढून घेतली आणि आपल्या कानाशी पितळी घंटी बांधली.

“बाई, डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, कायबी वाटलं तं ओढजा. लाजू नका.”

“कशासाठी हो?” मी विचारलं.

“गाडीचा धूर आत शिरते कधीकधी. मानूस झोपल्यासारखा होते अन् त्याले समजतबी नाई.”

आता गंमत ऐका. ती घंटी धुरासाठी सोडून बाकी सगळ्यासाठी वाजायची. रस्त्यात खड्डा आला की आपोआप वाजे. ड्रायव्हरभाऊ थांबत, आम्हाला उतरवत, सगळं तपासत. दोरी ताणलेली आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी सायकलच्या सीटची जुनी स्प्रिंग मध्ये बसवली. खड्ड्यांचं वाजणं थांबलं.

मग एकदा मला सडक्या अंड्यांचा वास आला. मी दोरी ओढली. गाडी थांबली, तसे डॉक्टर मागे येऊन नाक दाबून माझ्या जेवणाच्या डब्याकडे पाहायला लागले. ड्रायव्हरभाऊंनी बाकाखालची फळी उचलली आणि बॅटरीवर हात ठेवला. ती तापली होती, आतलं पाणी उकळत होतं. “चार्जिंग जास्त होऊन राह्यलं. हा वास बॅटरीचा, बाई. तरी तुमी वाजवली, बेस केलं.”

एकदा तर मला खरोखर गरगरलं. गाडी थांबली. अर्धा तास त्यांनी एकेक जोड तपासला. शेवटी कपडे झटकत विचारलं, “बाई, सकाळपासून काय खाल्लं?”

“आज चतुर्थी आहे.”

ते हसले नाहीत. पुडीतले गूळ-शेंगदाणे काढून माझ्यापुढे धरले. “देवाले मी सांगतो. तुमी खा.” स्वतः त्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली. देवाला ते काय सांगणार होते, हे मी विचारलं नाही. शेंगदाणे मात्र खाल्ले.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, वेळेचे पक्के. एक दिवस ते चिडलेच. “ही घंटी काढून टाका. रोज फुकट थांबायचं?”

“साहेब, गाडी सरकारची हाये. पन चाक माह्या हातात हाये. घंटी वाजली म्हंजे वाजली. कावून वाजली, ते थांबल्यावर पाहू.”

“मी वर लिहीन.”

“लिवा.”

डॉक्टरांनी खरंच लिहिलं की नाही, कोण जाणे. त्यानंतरच्या पौषात ती सकाळ आली.

एका पाड्यावर पहिलटकरीण अडली होती. तिला परतवाड्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मागे ती, तिची सासू आणि मी. थंडी अशी, की खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. सासूला आधाराला काही सापडेना. तिने दोरीच धरली. घंटी वाजली. गाडी थांबली, तपासणी झाली. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच केलं. पुन्हा थांबलो. डॉक्टर घड्याळ पाहत होते. बाई कण्हत होती.

पुढे एका नाल्यात गाडीखाली मोठा धोंडा घासला. वेगळा कसलाच वास आला नाही. आत सगळा फिनेलचाच दर्प. थोड्या वेळाने सासू पेंगायला लागली. बाईचं कण्हणं थांबलं, आणि मला वाटलं, बरं झालं, जरा डोळा लागला तिचा. माझंही डोकं जड झालं होतं. तेवढ्यात तिचा हात हातात घेतला, तर तो सुटून खाली पडला. मी दोरीकडे हात नेला. ओढली एवढं आठवतं.

पुढचं डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं. ते म्हणाले होते, “म्हातारीच असेल. थांबू नका, बाई मरेल मागे.” ड्रायव्हरभाऊंनी ब्रेक दाबला.

मला जाग आली ती दवाने भिजलेल्या गवतावर. डॉक्टर त्या बाईजवळ गुडघ्यांवर बसलेले, त्यांचा कोट तिच्या अंगावर. सासू उलट्या करत होती. धोंड्याने सायलेन्सरचा पाइप तुटला होता आणि धूर फळ्यांच्या फटींतून सरळ आत येत होता. पळसाच्या आडोशाला, ताडपत्री धरून, आम्ही तिथेच तिला मोकळी केली. मुलगी झाली. आधी रडेना. मग रडली, आणि डॉक्टर तोंड फिरवून उभे राहिले.

पाइप बांधून, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून आम्ही परतवाड्याला पोचलो. दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर चहा घेताना ड्रायव्हरभाऊ आपणहून बोलले.

“लाकडाचा ट्रक चालवत होतो, बाई. रिकामा परतत होतो. भावाले ताप होता, मागं ताडपत्रीत निजला होता. त्यानं दोन डाव केबिनवर ठोकलं. मले वाटलं, मस्करी करून राह्यला. मी नाई थांबलो.”

एवढंच. चहा तसाच बशीत निवत राहिला.

नंतर त्यांची बदली अकोल्याला झाली आणि माझी जळगावला. मी त्यांना कार्ड टाकलं होतं, अमक्या गाडीने अकोल्यावरून जात आहे म्हणून. अकोला स्टेशनवर ते हुरड्याची पुरचुंडी घेऊन हजर. गाडी थोडाच वेळ थांबली. आम्ही काय बोललो, आठवत नाही. थंडीबद्दल आणि त्यांच्या मुलीच्या शाळेबद्दल बहुधा. गाडी हलली तसे ते म्हणाले, “येत जा, बाई.”

पुढच्या वर्षीच्या माझ्या कार्डाला त्यांच्या मुलीचं उत्तर आलं. अक्षर नीटस होतं. बाबा श्रावणात गेले, असं तिने लिहिलं होतं.

तरी त्या हिवाळ्यात अमरावतीहून जळगावला परत जाताना मी अकोल्याला डब्यातून खाली उतरले. कुणी येणार नव्हतं. शिट्टी होईपर्यंत मी फलाटावर उभी राहिले, आणि मग चढले.