चार्जिंगवर चिकटवलेला काटा

मी किती बोलतो हे परतवाड्यात कोणालाही विचारा. नुसता कान लावून डायनॅमोचं दुखणं ओळखतो, मेळघाटातला वाघ माझा हॉर्न ऐकून वाट सोडतो — असल्या गोष्टी मी चहाबरोबर फुकट वाटत आलो. पण ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. तुम्हालाच कावून सांगतो? ते मलाही नीट कळत नाही.

लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेला एक ट्रक आमच्या गॅरेजात होता; मी तिथला मिस्त्री. दसऱ्याच्या पूजेसाठी मालकाने तो हिरव्याचा लाल करायला सांगितला. मी हौसेने बॉनेटच्या आतही ब्रश फिरवला. पूजा झाली आणि बॅटरीचं चार्जिंग गेलं. पट्टा ताणला, डायनॅमोचे कार्बन घासले. डायनॅमोला थेट बल्ब लावला तर लख्ख पेटला, पण बॅटरीकडे करंट जाईना. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा काटा मेल्यासारखा पडून. सकाळी धारणीला सागवान आणायला निघायचं, आणि मी तर चारचौघांत बोलून बसलेलो — हे माझ्या डाव्या हाताचं काम.

मग? मीटरची काच काढली आणि काटा डिंकाने चार्जिंगच्या बाजूला चिकटवला.

पण कबूल करायचंय ते हे नाही. हे तर बारीक होतं.

ड्रायव्हर गणपतभाऊ साधे, विश्वासू. मालकाने मलाही सोबत धाडलं. इंजिन कुठे बंद करू नका, एवढंच मी त्यांना बजावलं; बॅटरी उतरली की ते परत सुरू झालं नसतं. लाकडं भरतानाही ते चालूच होतं. परतताना घाटात दिवस बुडाला आणि त्यांनी दिवे लावले. थोड्याच वेळात उजेड पिवळा पडला, मग विझत्या निखाऱ्यासारखा.

"मिस्त्री, दिवे कावून मंद होऊन राहिले?" त्यांनी काट्याकडे पाहिलं. "चार्जिंग तं मस्त दाखवते."

"बल्ब जुने हायत," मी म्हणालो.

गाडी थांबवा — दोनच शब्द होते ना? माझी जीभ, जी झोपेतही थांबत नाही, ती टाळ्याला चिकटली. भीती दरीची होती? नाही. कोणी ती काच उघडली तर — याची होती.

दिवे गेले. पाठोपाठ इंजिन. काळोखात दरी कुठे नि रस्ता कुठे, कळेना. गणपतभाऊंनी चाक फिरवलं आणि आपली बाजू डोंगरावर घातली. माझी बाजू वाचली.

मी काडी ओढली. इंजिन बंद, डायनॅमो बंद, आणि काटा? चार्जिंगवर, जसाच्या तसा.

"मिस्त्री, पाय अटकला. हात द्या मले."

हात मी दिला — मीटरला. काच फोडली, नखाने डिंक खरवडला. दुसरी काडी ओढून पाहिलं, काटा खाली आला का. आला. तेवढ्यात मागची लाकडं सरकली, केबिन आणखी चेपली, आणि गणपतभाऊंचा असा आवाज निघाला की —

तो आवाज मी लिहू शकत नाही.

वाघ आडवा आला, असं मी गावात सांगितलं. अमरावती-अकोल्यापर्यंत तो वाघ पोचला. दरवर्षी त्याची शेपूट मी थोडी वाढवली. ट्रक ओढून आणल्यावर बिघाड सापडला. बॅटरीकडे करंट सोडणाऱ्या कटआउटच्या खाली माझाच लाल रंग बसला होता, त्यामुळे त्याला बॉडीच्या लोखंडाचं अर्थिंग मिळत नव्हतं. चाकूने खरवडल्यावर चार्जिंग लगेच सुरू झालं.

गणपतभाऊंचा पाय कापावा लागला. आता कुबडी टेकून ते गॅरेजासमोर बसतात. कोणी छेडलंच तर म्हणतात, "मले काही वाघ दिसला नाही. पण मिस्त्री म्हणते तं असंल. चार्जिंग बराबर होतं बावा, म्या सवताच्या डोयानं पाह्यलं."

मग सरकून मला बसायला जागा करतात. मी बसतो. आणि समोर नवा माणूस असला, की वाघ मीच सुरू करतो.