वरचं बटण

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी लायब्ररीतून एक पुस्तक आणलं होतं. परदेशातला एक पोस्टमन बर्फात अकरा दिवस अडकतो आणि जिवंत परत येतो, त्याची त्यानेच सांगितलेली खरी हकीकत. अनुवाद मराठीत होता, पानं सुटी झालेली. आमच्या घरात तोवर कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. माझा इंग्रजीचा पेपर राहिला होता आणि शिक्षण सोडायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. ते पुस्तक वाचलं आणि पेपर पुन्हा दिला.

माझी फी दादा भरायचा. तो चाकणला एका कंपनीत, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस मशीनवर होता. ओव्हरटाइम करायचा आणि घरी सांगायचा, कामच कमी असतं म्हणून. पदवी झाल्यावर मलाही तिकडेच, दुसऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला, तयार माल तपासायला, नोकरी लागली आणि मी मोशीला दादा-वहिनीकडे राहायला आले.

गेल्या वर्षी प्रेसमध्ये दादाच्या उजव्या हाताची, अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. जखम भरली. स्टोअरमध्ये काम द्यायला कंपनी तयार होती. रजा संपायला महिना उरला होता, पण दादा म्हणायला लागला, गावाकडं जाऊ. कारण आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती.

"अहो, मी लावून देते की," वहिनी म्हणाली.

"आन् कंपनीत युनिफॉर्म घालताना? तिथं बी येतीस का, डबा घेऊन?"

मी समजवायला गेले तर म्हणाला, "तुमच्याकडं नापास माल कुठं टाकतात गं?"

"लाल क्रेटमध्ये."

"मग झालं तर."

त्याच आठवड्यात त्या पुस्तकावरचा सिनेमा हिंदीत डब होऊन चिंचवडला लागला. पोस्टमनची बोटंही थंडीने गेली होती, आणि घरी आल्यावर तो बटण लावायला कसा शिकला यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं. ते दादाने पाहावं म्हणून मी तीन तिकिटं काढली. तो आला, पण हात रुमालाखाली ठेवून बसला.

सिनेमा चांगला होता. बर्फ, वादळ, लांडगे. पुस्तकात लांडगे नव्हते. शेवटी हेलिकॉप्टर आलं, बायको धावत आली, गाणं लागलं आणि दिवे लागले. बटणाचं प्रकरण नव्हतंच. मी तशीच बसून राहिले. वहिनी म्हणाली, "चला, संपला वाटतं."

परतीच्या बसमध्ये दादाने विचारलं, "पुढं त्याच्या हाताचं काय झालं?"

"पुस्तकात आहे. शर्टाची बटणं लावायला शिकतो तो."

"मग ते का नाय दाखवलं?"

"माणूस बटण लावतोय, यात लोकांना काय बघायचं असतं?"

"मला बघायचं होतं," दादा म्हणाला.

मग मी आठवेल तसं सांगितलं. पोस्टमन खालच्या बटणापासून सुरुवात करायचा, कारण खालचं डोळ्यांना दिसतं. आधी बटण तिरकं धरून काजात अर्धं सरकवायचं, मग अंगठा मागे न्यायचा. "महिन्याभरात सगळी लावली त्याने," मी सांगितलं, "अगदी कॉलरचंसुद्धा."

दुसऱ्या दिवसापासून दादा आरशासमोर बसायला लागला. वहिनीने काजं मोठी करून देऊ का विचारलं. तो नको म्हणाला, कंपनीच्या शर्टाची कोण करून देणार आहे. पहिल्या आठवड्यात खालची दोन जमली. कॉलरचं दिसायचं नाही, आरशात उलटं व्हायचं, आणि तो वैतागून शर्ट भिरकावायचा. घामेजलेला शर्ट वहिनी निमूट धुवायची. महिना भरायला दोन दिवस असताना तेही लागलं. सोमवारी तो कामावर गेला.

दिवाळीनंतर, माझ्या जुन्या कॉलेजात शिकणाऱ्या गावाकडच्या एका मुलीने माझ्या सांगण्यावरून लायब्ररीतल्या पुस्तकातून त्या प्रकरणाचे फोटो काढून पाठवले. मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. पोस्टमनला कॉलरचं बटण कधीच जमलं नव्हतं. बाकीची लावायला त्याला वर्ष लागलं होतं, आणि वरचं तो कायम उघडंच ठेवायचा. मी खोटं बोलले नव्हते. मला तसंच आठवत होतं.

दादा कामाला निघत होता, शर्ट गळ्यापर्यंत बंद. मी त्याला फोनमधल्या फोटोतला तेवढा परिच्छेद वाचून दाखवला. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे रिपोर्ट चुकीचा दिलास तू."

"हो."

"आन् इन्स्पेक्शनला बसतीस."

"बाहेर बोलू नका," वहिनी चपाती लाटता लाटता म्हणाली, "नोकरी जाईल तिची."

दादा हसला. मग अंगठ्याने कॉलरचं बटण सोडवलं आणि मान मोकळी केली. "लई आवळतंय हे," म्हणाला, "पोस्टमन शहाणा होता," आणि डबा घेऊन बस गाठायला निघाला.