दोरा बांधलेल्या शेंगा

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती शाळेच्या कुंपणाबाहेर वाकून रानवेलीच्या शेंगांना लाल दोरा बांधत होती. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती. माझा वर्ग खिडकीशी गोळा झाला आणि मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव ‘दोरेवाली’ पडलंही. ती कपडे शिवते आणि आमच्याच गल्लीत राहायला आली आहे, हे मला नंतर कळलं.

त्या वेलीच्या शेंगा वाळल्या की उन्हात तडकतात आणि दाणे लांब उडतात. चवीला चांगले, पण हाती लागायचे नाहीत. एखादी शेंग मात्र वाळूनही मिटलेलीच राहते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. अशा शेंगेला दोरा बांधायचा, तिचेच दाणे घरामागच्या वाफ्यात पेरायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा मिटलेल्याच निवडायच्या, असं तिचं पुढे वर्षानुवर्षं चाललं.

तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, “शर्टांचं झालं, आता शेंगांनाही बटणं लावणार ही!”

एकदा मी तिला सांगितलं, की गहूसुद्धा असाच माणसाळला. पिकल्यावर जे दाणे गळले ते रानातच राहिले. जे कणसाला धरून राहिले ते कापणीत घरी आले आणि पुन्हा पेरले गेले. कुणी ठरवून केलं असंही नाही.

“किती वर्षं लागली हो बाई त्यांना?”

“हजार-दोन हजार तरी.”

“मग माझं झपाट्यानं चाललंय म्हणायचं,” असं म्हणून तिनं सुईत दोरा ओवला.

पुढे मुलीच्या बाळंतपणासाठी ती परगावी गेली. वाफा नवऱ्यावर सोपवला. ती परतली त्या दिवशी मी बाळाची खुशाली विचारायला गेले होते. नवऱ्यानं कौतुकानं भरलेला डबा पुढे केला.

“सोलायची कटकटच नाही. खाली चादर अंथरली, दाणे आपणहून आले.”

“आणि दोऱ्याच्या शेंगा?”

“त्या महाहट्टी! उघडायचं नावच घेईनात. उपटून शेजारच्या शेळीला दिले ते वेल.”

तिनं डबा बाजूला ठेवला. तशीच शेजारी गेली. आम्ही दोघं मागोमाग. शेळीनं पाला संपवला होता. उरलेले जाड वेल शेजारणीनं गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावले होते आणि ते उन्हात कडकडीत वाळले होते. तिनं शिडी मागितली. वर काही शेंगा होत्या, दोरा विटलेला, तोंड मिटलेलं.

“दुसऱ्या असत्या तर केव्हाच उडून गेल्या असत्या,” ती वरून म्हणाली.

“म्हणजे हट्ट कामाला आला की!” नवरा.

“तुम्ही शिडी धरा नीट.”

त्या मूठभर शेंगांवर वाफा पुन्हा उभा राहिला. आता तिथल्या बहुतेक शेंगा मिटलेल्याच वाळतात. दोरा ती आता तडकणाऱ्या वेलांना बांधते, उपटायचे म्हणून. कारण तेच कमी आहेत. पाणी नवरा घालतो. काढणीला मात्र ती कुणाला हात लावू देत नाही.